आंब्याचं चामडं

आमच्या सासऱ्यांच्या तावडीतून माणसं सुटली, गुरं सुटली, एकदा तर घरात शिरलेला चोरसुद्धा सुटला. पण तेर गावच्या शिवारात पिकलेलं फळ त्यांच्या हातून कधी सुटलं नाही. निजामाच्या राज्यात पाटीलकीपासून पाणवठ्यापर्यंत प्रत्येक गोष्टीला कुणी ना कुणी धनी होता. झाडावरून आता पडतंय की मग पडतंय अशा बेतात आलेल्या फळाचे धनी आमचे सासरे. मग झाड कुणाचंही असो. फळ पिकलंय आणि खायला कुणी नाही, एवढं कानावर आलं की हा गृहस्थ टोपलं घेऊन हजर. धंदा भुसार मालाचा, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म आणि आवाज असा की त्यांनी दुकानातून गिऱ्हाइकाला हाक मारली तर तेरणा नदीच्या पल्याडची बैलं थांबायची. पण हातात पिकला आंबा असला की हाच माणूस निजलेल्या लेकराजवळ बोलावं तसा बोलायचा. मी एकदा म्हणालो, "मामा, चार फळं सडली तर काय बिघडलं?" त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, की मी जणू चार माणसं बुडवून आलो होतो. म्हणाले, "जावयबापू, झाडानं ताट वाढलंया आन् आपुन पाटावरनं उठून गेलो, तसं हाय ते."

या माणसाशी माझी पहिली गाठ पडली ती मुलगी बघायला गेलो तेव्हा. मी तेव्हा तहसील कचेरीत नुकताच अहलकार, म्हणजे कारकून, म्हणून चिकटलो होतो. उर्दूतून मॅट्रिक झालेलो, डोक्यावर लाल रुमी टोपी आणि टोपीच्या आत आपण कुणीतरी आहोत अशी पक्की समजूत. वाटलं, पगार विचारतील, ओहदा विचारतील. त्यांनी यातलं काही विचारलं नाही. पुढ्यात आंब्यांची ताटली सरकवली आणि म्हणाले, "यातला पाडाचा कंचा, सांगा." पाडाचा म्हणजे झाडावरच पिकलेला. मी आयुष्यात आंबा फक्त खाल्ला होता, ओळखला कधीच नव्हता. तरी मोठ्या जाणकारासारखा एकेक दाबला, हुंगला, आणि सगळ्यांत सुरेख केशरी रंगाचा होता तो उचलून म्हणालो, "हा." आतल्या दाराआडून कुणीतरी फिसकन् हसलं. मी उचलला होता तो मातीचा, रंग दिलेला आंबा. सासऱ्यांनी तो मुद्दाम ठेवला होता. मी तो घाईघाईनं ताटलीत परत ठेवला. ते मात्र खूश होऊन आपल्या मुलाला, म्हणजे माझ्या होणाऱ्या मेव्हण्याला, म्हणाले, "पोरगं चांगलं हाय. शिकलेलं न्हाय, पर शिकंल." फिसकन् हसणारी होती तीच पुढं माझी बायको झाली आणि ते हसू तिनं अजून थांबवलेलं नाही.

सासऱ्यांच्या घरात ऋतू आकाशात दिसत नसत, बरण्यांत दिसत. कैरी आली की लोणचं आणि आंबोशी, आंबा पिकला की गुळांबा आणि आंबापोळी, जांभळाचा सिरका, बोरं वाळवून कुटलेलं बोरकूट, चिंचेचे मीठ लावलेले गोळे, कवठाची चटणी. आंब्याचा बाठा भाजून त्याची सुपारी व्हायची आणि साली वाळवून तळल्या जायच्या. त्या घरात आंब्याचा फक्त वास तेवढा वाया जाई, आणि त्याचंही त्यांना वाईटच वाटत असावं. या विद्येनं फक्त एका फळापुढं हात टेकले होते. सीताफळाचा गर चुलीवर चढवला की कडू होतो, हे सगळ्या जगाला ठाऊक होतं, सासऱ्यांना मान्य नव्हतं. माझ्या दिवाळसणाला त्यांनी मोठ्या हौसेनं सीताफळाच्या वड्या पुढं ठेवल्या. मी एक तोंडात टाकली आणि काढा परवडला असं वाटून डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "कसं काय?" त्यांनी विचारलं. मी बोलून गेलो, "अप्रतिम!" त्या एका शब्दापायी दर दिवाळीला माझ्या नावाची वेगळी बरणी भरली जाऊ लागली. बायको म्हणाली, "तुमाला खोटं बोलायचं आवरत न्हाय, आन् जमत बी न्हाय." तिचं ते बोलणं मी हसण्यावारी नेलं.

वर्षभर कसलं ना कसलं फळ पिकतच असल्यानं सासऱ्यांना तेर सोडायला कधी सवडच झाली नाही. लग्नं, बारशी, मर्तिकं, सगळीकडं स्वतः जायच्या ऐवजी त्यांची बरणी जायची. सगळ्यांत मोठी बरणी जायची बार्शीला. तिथं त्यांची थोरली बहीण दिली होती. तिला सगळे आक्का म्हणत. बार्शी इंग्रजांच्या मुलखात आणि तेर निजामाच्या, पण मध्ये छोटी रेल्वे होती आणि सकाळी बसलं तर जेवायला पोचता यायचं. तरी या बहीणभावांची कित्येक वर्षांत गाठ नव्हती. "आढी लागलीया, कसा जाऊ?" हे यांचं ठरलेलं. अढी म्हणजे गवतात रचून पिकत घातलेल्या आंब्यांची रास. मात्र दर उन्हाळ्यात, मळ्यातल्या शेंदऱ्या नावाच्या झाडाच्या रसाची आंबापोळी आक्कांना न चुकता जायची. आमच्याकडं गावठी आंब्याच्या प्रत्येक झाडाला माणसासारखं नाव असतं. शेंदऱ्याखाली आक्का लहानपणी खेळल्या होत्या, त्याच्याच सावलीत त्यांची पाठवणी झाली होती. त्या झाडाच्या रसात सासरे दुसऱ्या झाडाचा थेंबही पडू देत नसत.

त्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. बाहेर महायुद्ध चालू होतं आणि साखर दिसेनाशी झाली होती; आणि धोंड्याचा अधिक महिना नेमका ज्येष्ठात, ऐन आंब्यात आला होता. महिना विष्णूचा आणि घर महादेवाचं; पण जावयाला जेवू घालायचं म्हटलं की आमच्याकडं सगळे देव एका पंगतीला बसतात. या महिन्यात जावयाला तेहतीस अनारशांचं नाहीतर बत्ताशांचं वाण द्यायचं. वस्तू जाळीची हवी, तिला भोकं हवीत. साखर नाही तर बत्तासे कुठले? सासऱ्यांनी दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी मी पाहिलं तर हे माळवदावर, म्हणजे मातीच्या धाब्यावर, मांडी घालून बसलेले, पुढ्यात आंबापोळ्यांची चळत आणि हातात पोती शिवायचा दाभण. एकेका पोळीला ते ओळीनं भोकं पाडत होते.  ते म्हणाले, "जाळी पायजे ना? ही बगा जाळी." गुळाच्या रसाच्या त्या पोळ्या, उन्हात थरावर थर वाळलेल्या, तुपाच्या हातानं सोडवलेल्या, काळपट आणि तुळतुळीत. त्यांत ती भोकं. ही खायची वस्तू आहे असं सांगितल्याशिवाय कुणाला कळलं नसतं.

दोन गाठोडी झाली, आणि ती घेऊन मी बार्शीला जायचं ठरलं. खालचं माझं, सगळ्या झाडांच्या मिसळीच्या रसाचं, भोकांचं. वरचं आक्कांचं, निव्वळ शेंदऱ्याचं, बिनभोकांचं. आक्कांनी त्या महिन्यात अंथरूण धरलं होतं आणि अन्न जात नव्हतं. "शेंदऱ्याची पोळी पोटात गेली की उठंल ती," सासरे म्हणाले. "तेवढी तिच्या हातात द्या, जावयबापू. दुसऱ्या कुणाच्या न्हाय." मी छातीवर हात ठेवून शब्द दिला आणि गाडीत बसलो.

हद्दीवरच्या स्टेशनात गाडी थांबली की जकातीचा नाकेदार डब्यात चढायचा. त्यानं वरचं गाठोडं सोडलं, एक पोळी दोन बोटांत धरून उजेडाकडं केली, वाकवून बघितली आणि विचारलं, "चमडा?" आता गूळ मुलखाबाहेर न्यायला बंदी आलीय, असं माझ्याच कचेरीत कुणीतरी पान खाता खाता बोलल्याचं मला त्याच क्षणी आठवलं. आंबापोळीत गूळ. मी सरकारी नोकर. डोळ्यांपुढं नोकरी, टोपी आणि बायकोचं हसू अशा तिन्ही गोष्टी एकदम तरळून गेल्या, आणि साहेबानं स्वतः होऊन पुढं केलेला तो शब्द मला देवासारखा वाटला.

"जी हुजूर," मी म्हणालो, "चमडा."

"किसका?"

"बकरी का."

नाकेदारानं पोळी नाकाजवळ नेली. एक लांब श्वास घेतला. मग माझ्याकडं अतिशय शांतपणे बघून म्हणाला, "ये बकरी आमां खाती थी क्या?"

सगळा डबा हसायला लागला. मी हात जोडले. म्हणालो, हुजूर, आंबापोळीच आहे, गुळाच्या बंदीला भ्यालो. त्यावर तो कपाळाला हात लावून म्हणाला, "घर के खाने के गुड को कौन पूछता, मियां? बंदी चमडे पे है! फौज के बूटां बनते उसके. अब बोलो, ये चमडा है के आम?"

"आम," मी म्हणालो.

"तो खाओ."

मी एक पोळी खाल्ली. तो म्हणाला, नीचे की में चमडा होंगा. मी त्याच चळतीतली खालची खाल्ली. भरल्या डब्यात, टोपीचा गोंडा हलवत, घामानं निथळत मी माझ्या निर्दोषपणाचा पुरावा चावत होतो आणि पुरावा दातांना चिकटत होता. मग त्यानं स्वतः एक कोपरा तोडून तोंडात टाकला, आणि त्याचा चेहराच बदलला. "हमारी अम्मी बी सुखाती थी," तो हळूच म्हणाला. मी भारावून, आणि सुटकेच्या आनंदात, उरलेलं गाठोडं त्याच्यापुढं धरलं. त्यानं घेतली, त्याच्या शिपायानं घेतली, गाडी का अडली म्हणून विचारायला आलेल्या गार्डानं घेतली, गार्ड कुठं गेला म्हणून बघायला आलेल्या ड्रायव्हरनं घेतली. उतरताना नाकेदार म्हणाला, "झूट बोल के किसी का पेट इत्ता नै भरता, मियां. तुम्हारा भर गया." शिट्टी झाली, गाडी हलली, आणि मी खाली बघितलं तर आक्कांच्या गाठोड्यात नुसतं फडकं उरलेलं.

आता माझी अक्कल बघा. मी म्हटलं, आंबापोळी ती आंबापोळी. माझ्या वाणाची देऊ, म्हाताऱ्या आजारी बाईला काय कळतंय?

आक्का बाजेवर पडून होत्या. पोळी हातात दिल्यावर त्यांनी ती बोटांनी चाचपली आणि त्यांची बोटं भोकांवर थांबली. मग त्यांनी एक तुकडा जिभेवर ठेवला आणि डोळे मिटले. 

"ही शेंदऱ्याची न्हाय," त्या म्हणाल्या. "शेंदऱ्या पडला का?"

"नाही हो आक्का! चांगला उभा आहे."

"मग तम्मा?" तम्मा म्हणजे कानडीत धाकटा भाऊ. कानडी मुलूख जवळ असल्यानं त्या घराची माया कानडीतूनच बाहेर पडायची. "तम्मा जित्ता असता तर मला जावयाच्या वाणाची पोळी धाडली नसती. कवा गेला त्यो? खरं सांगा."

मी हादरलो. मग सगळं खरं सांगून टाकलं. नाकेदार, बकरी, फौजेचे बूट, गार्ड, ड्रायव्हर. काही लपवलं नाही. आक्कांनी माझ्याकडं फार करुणेनं पाहिलं आणि म्हणाल्या, "पोरा, दुसरं काय तरी सांग." आणि त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. सून पाण्याचं भांडं घेऊन आली, ते त्यांनी हातानं दूर केलं. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. सून मला ओसरीवर बोलावून म्हणाली, "असंच चाललं तर ह्या काय ऱ्हात न्हाईत. मामांना घिऊन या."  ऐन आंब्यात सासऱ्यांना तेरच्या बाहेर काढायचं? त्यापेक्षा तेरचं देऊळ खांद्यावर घालून आणणं सोपं होतं.

तेरला उतरलो तर माझ्या आधी माझी कीर्ती पोचलेली. त्याच डब्यात आमचा पानवाला होता. त्याला लांबून एवढंच कळलं होतं, की 'चमडा, बकरी' असं काहीतरी चाललंय आणि तेरचा जावई मुकाट्यानं काहीतरी काळं चावतोय. त्यानं दुकानातूनच विचारलं, "सायेब, वहाणा पचल्या का?" सासरे खोलीभर पसरलेल्या अढीपुढं बसून आंबे निवडत होते. वर न बघता म्हणाले, "या, जावयबापू. ह्या घराच्या उंबऱ्याआत कातड्याची वहाण येत न्हाय. आन् तुमी माझ्या आंबापोळीला चामडं म्हनलात? बकरीचं? माझ्या शेंदऱ्याला?" आवाज चढत चालला होता.

"मामा," मी म्हणालो, "आक्कांना वाटतंय, तुम्ही गेलात."

"कुटं गेलो?"

मी वर बोट केलं. ते कळायला त्यांना थोडा वेळ लागला. हातातला आंबा त्यांनी पिकल्यांत टाकला नाही, कच्च्यांत टाकला नाही, नुसता जमिनीवर ठेवला.

"जेवली का ती?"

"पाणीसुद्धा नाही."

ते उठले. शेंदऱ्याचे चार आंबे उपरण्यात बांधले आणि रसाच्या हातांनीच बाहेर पडले. मामी, म्हणजे माझ्या सासूबाई, दारात आडव्या आल्या. "आवो, आढी! समदी आज-उद्याकडं पिकतीया!"

"पिकू दे."

"सडंल की!"

ते चपला शोधत होते, सापडल्या नाहीत, तसेच अनवाणी निघाले. फळ पिकत टाकून हा माणूस स्टेशनाकडं चाललाय म्हटल्यावर बाजारपेठेतली माणसं दुकानातून उठून उभी राहिली. पानवाल्याच्या हातातला चुना सुकला. हद्दीवर तोच नाकेदार चढला आणि मला बघून म्हणाला, "आज किसका चमडा, मियां?" सासऱ्यांनी उपरण्यातला एक आंबा काढून त्याच्या हातावर ठेवला आणि म्हणाले, "ह्यो माझा जावई हाय, सायेब. खरं बोलाय आत्ता कुटं शिकाय लागलाय." एवढंच.  पुढं बार्शीपर्यंत उरलेले आंबे गाडीच्या हिसक्यानं दबू नयेत म्हणून मांडीवर धरून बसले होते.

आक्का डोळे मिटून पडल्या होत्या. सासरे बाजेच्या कडेला बसले, एक आंबा तळहातांत दाबून दाबून मऊ केला, देठ काढला, चीक पुसला आणि बहिणीच्या ओठांशी धरला. वासानं आक्कांनी डोळे उघडले. मला वाटलं, आता रडतील.

"तम्मा?" त्या ओरडल्याच. "तू हितं? मग आढी कोन बगतंय?"

"कुनी न्हाय."

"सडंल की रं!"

"सडू दे."

"आरं मुडद्या, येवढा माल टाकून हितं काय बसलायस?" असं म्हणत त्यांनी भावाच्या दंडावर एक चापट मारली, आणि शिव्या देत देतच तो आंबा चोखायला लागल्या. रस हनुवटीवरून ओघळला तो सासऱ्यांनी उपरण्यानं पुसला. मी बाहेर येऊन उभा राहिलो. सून दाराआड पदर तोंडाला लावून उभी होती.

धोंड्याचा महिना संपेपर्यंत सासरे बार्शीतच राहिले. मी तेरला परतलो आणि इकडं अढी माझ्यावर सोपवली गेली. आंबा उन्हानं नासतो एवढं माझ्या डोक्यात पक्कं. म्हणून मी अढीवर आणखी गवत घातलं आणि गार राहावी म्हणून रोज वरून घागरभर पाणी ओतत गेलो. मामी दुपारी मळ्यातून येईपर्यंत माझी ही सेवा उरकलेली असायची. उघडल्यावर आत जे निघालं त्याचं वर्णन जेवणाऱ्या माणसांपुढं करू नये. वास पार स्टेशनापर्यंत गेला. त्या घरात फळ सडलं, यावर लोकांचा विश्वास बसेना; माणसं नाकाला पदर लावून बघायला येत होती.

सासरे परत आले तेव्हा मी कणगीआड लपलो होतो. ते खोलीच्या दारात उभे राहिले, त्या काळ्या चिखलाकडं, घोंघावणाऱ्या माश्यांकडं बघत राहिले.  मग ते म्हणाले, "झालं एकदाचं," आणि फावडं घेऊन सगळं मागच्या खड्ड्यात लोटायला लागले. फावडं चालवता चालवता कणगीकडं न बघता म्हणाले, "जावयबापू, बाहेर या. बकरीची गोष्ट आक्काला आता पटलीया. लई हासली. दोन डाव सांगाय लावली मला."

आक्का त्या थंडीत गेल्या. त्यानंतर सासऱ्यांच्या बरण्या हळूहळू कमी होत गेल्या आणि तेही माणसांकडं जायला लागले. उपरण्यात चार आंबे बांधून कुणाच्याही दारात अवचित उभे राहायचे. मग निजाम गेला, नाका गेला, आणि काही वर्षांनी सासरेही गेले.

मागच्या खड्ड्यात त्या पावसाळ्यात कोया रुजल्या होत्या. त्यातली एक टिकली, तिचं झाड झालं. फळ पातळ सालीचं आणि विलक्षण गोड, पण तोडलं की संध्याकाळपर्यंत उतरतं, नासायला लागतं. सासऱ्यांनी एकदाच त्याच्या रसाची पोळी घालून बघितली. ती वाळेचना. तेव्हापासून ते कुणाला त्या झाडाचा आंबा टोपल्यात भरू देत नसत. "ह्यो धाडायचा न्हाय," म्हणायचे, "ह्यो येनाऱ्यासाठी हाय." गावानं झाडाचं नाव ठेवलंय चामड्या. ज्या घराच्या उंबऱ्याआत कातडं येत नाही, त्या घराच्या परसात चामड्या उभा आहे, आणि सासऱ्यांनी त्या नावाला कधी हरकत घेतली नाही.

यंदा चामड्या लगडलाय, असा मेव्हण्याचा निरोप आलाय. गुडघे कुरकुरतात, प्रवास सोसत नाही. मी म्हणालो, बघू पुढच्या वर्षी.  बायको कोपऱ्यात बसून पिशवीत माझं धोतर भरत होती.